नव्याच्या सणाचं शिंग

मला गप्प बसवत नाही, हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. चाइल्डकेअरमध्ये नोकरी, दिवसभर इवल्याशा मुलांना 'बस, ऊठ, हात धू' करायचं आणि घरी आल्यावर नवऱ्याला तेच. त्यामुळे आमच्या मराठी प्रार्थना गटात जेव्हा ठरलं की सप्टेंबरातल्या एका रविवारी कुणीतरी 'यहुदी नववर्षाच्या सणाचा ख्रिस्ती माणसासाठी आत्मिक अर्थ' ह्यावर संदेश द्यावा, तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मीही उगाच आढेवेढे घेतले नाहीत. शिवाय माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. इथे परदेशात, आमच्या गिरावीन ह्या उपनगरात, माझ्याच रस्त्यावर, एक खरीखुरी ज्यू बाई राहत होती आणि ती माझ्यापेक्षा फर्डं मराठी बोलायची.

मी मूळची नगरकडची, पिढ्यान् पिढ्यांची ख्रिस्ती. लहानपणी संडे स्कूलमध्ये ज्यू म्हणजे चित्रातली माणसं: पायघोळ झगे, हातात काठी, मागे उंट. ह्या ज्यू मावशी पहिल्यांदा दिसल्या त्या इंडियन ग्रोसरीत. अंगात कार्डिगन, पायात स्पोर्ट्स शूज, नारळ कानाशी धरून खळखळ हलवत होत्या आणि दुकानदाराला मराठीत सुनावत होत्या, "ह्यात पाणी कुठाय? वाळवून आणलास की काय?" दुकानदार गुजराती, बिचारा नुसताच हसत होता. मराठी ऐकलं की माझे पाय थांबतातच. मी विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या?"

"अलिबागच्या बाजूची. बेने इस्रायल."

माझा चेहरा बघून त्यांनीच फोड केली. "ज्यू गो. कोकणात आम्हांला शनवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचो ना, म्हणून."

त्याच आठवड्यात त्यांचं नवीन वर्ष होतं. रोश हशना हा शब्द मावशी सिनॅगॉगपुरता, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरापुरता ठेवत. घरात 'नव्याचा सण'. मला जेवायला बोलावलं. रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून मी चौकशी केली, तर कळलं की ह्या सणाला चिकाचा हलवा करतात. गव्हाचा चिक आमच्याकडेही होतोच. म्हटलं, त्यात काय मोठंसं. आणि हलवा म्हटल्यावर हात कशाला आखडायचा? मी सढळ हातानं साजूक तूप ओतलं, वर सायीसकट दूध. वड्या नुसत्या लखलखत होत्या. टेबलावर बघते तर कोंबडीचा रस्सा. मावशींनी एक वडी नाकाशी नेली, हसल्या आणि ताट उचलून फ्रिजवर ठेवून दिलं. मटणाकोंबडीबरोबर दूधदुभतं त्यांना चालत नाही, म्हणून तर तो हलवा नारळाच्या दुधात करतात, हे ज्ञान मला तिथे सगळ्यांदेखत मिळालं. मी शरमेनं पाणी पाणी झाले. दुसऱ्या दिवशी मावशी रिकामं ताट घेऊन दारात. "चहाबरोबर संपवल्या गो. पण पुढच्या वर्षी माझ्या नजरेखाली करायचा." तेव्हापासून दर वर्षी हलवा ढवळायचं काम माझ्याकडे लागलं ते लागलंच.

ह्या वर्षी मात्र मावशी ऑगस्टात बाथरूममध्ये घसरल्या आणि कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. मी शुक्रवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, त्यांच्याकडे गेले ती खरं तर संदेशाची तयारी करायला. मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. समोर वरणभात तसाच. त्यांची लेक, जी हॉस्पिटलात नर्स आहे, शिफ्टला निघायच्या गडबडीत होती.

"मावशी," मी सरळ मुद्द्याला हात घातला, "ह्या सणाला तुम्ही जे शिंग वाजवता, त्याचा अर्थ काय सांगू आमच्या लोकांना?"

"मला कशाला विचारतेस. ह्या वर्षी माझ्या कानावर शिंग पडायचं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सिनॅगॉग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सणाच्या दिवशी त्या गाडीत बसत नाहीत, म्हणून दर वर्षी आदल्या दिवशीच तिकडे एका नातेवाइकांकडे मुक्कामाला जात आणि सकाळी चालत सिनॅगॉगला. ह्या वर्षी डॉक्टर हलू देत नव्हते. आजारी माणसांच्या घरी शिंग वाजवायला सिनॅगॉगची माणसं जातात, पण तीही पायीच. गिरावीनपर्यंत चालत कोण येणार? लहानपणी गोवर आला होता, तरी बापानं त्यांना गोधडीत गुंडाळून सिनॅगॉगच्या खिडकीशी उभं केलं होतं. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं.

"वर्षाचं दार शिंगानं उघडतं," त्या म्हणाल्या. "ऐकलं नाही तर मी जुन्यातच राहिले. सगळे पुढे जातील, मी एकटी मागे."

पण मी पडले उपाय शोधणारी. म्हटलं, "फोनवर लावते ना मी. युट्यूबवर हवं तसलं शिंग मिळेल."

"सणाला फोन नाही. आणि मशीनचा आवाज तो मशीनचा."

"मग आमच्या गटातले काका येतील. त्यांच्याकडे खरं शिंग आहे, मेंढ्याचं, पवित्र भूमीच्या सहलीवरून आणलेलं. फार छान वाजवतात."

मावशींना हसू आलं. "ज्याच्यावर हा नेमच नाही, त्यानं माझा नेम कसा फेडायचा? ज्यूनंच वाजवायला हवं."

आता मला राग आला. मी म्हटलंसुद्धा, की देव काय आवाज कुणाचा म्हणून ओळखपत्र तपासत बसतो का? मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ आवरली. बुटाची नाडी बांधता बांधता त्यांची लेक म्हणाली, "आई, देवाला कळतं ना, तू वॉकरवर आहेस."

"तू नको देवाचं सांगूस," मावशी म्हणाल्या.

हे लागणारं बोलणं होतं, आणि का ते मला ठाऊक होतं. लेकीचे वडील गावच्या सिनॅगॉगमध्ये शिंग वाजवायचे. इथे आल्यावर काही वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेले, खूप हाल होऊन. ती नर्स, सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं. त्यानंतर तिनं सिनॅगॉगची पायरी चढली नव्हती. एकदा मला म्हणाली होती, "माझं आणि देवाचं बोलणं बंद आहे. त्यानं आधी सुरू करावं." मी त्यावर बरंच काही बोलले होते, अर्थातच. तिनं ऐकून घेतलं आणि चहा ठेवला.

दारापर्यंत गेलेली ती परत वळली. "मग तूच वाजव ना, आई."

मावशी चकितच झाल्या. त्यांच्या गावात बायकांनी कधी शिंगाला हात लावलेला नव्हता. पण लेकीनं तिथेच उभ्या उभ्या सिनॅगॉगच्या धर्मगुरूंना, रब्बींना, फोन लावला. रब्बी म्हणाले, बायकांवर ही सक्ती नाही, पण ज्या बाईनं हा नेम मनापासून धरलाय तिनं स्वतःसाठी वाजवलं तर काही अडचण नाही. एका बाईनं दुसरीसाठी वाजवलं तरी चालतं. लेकीनं फोन ठेवला. "झालं समाधान? आता जेव." आणि ती शिफ्टला गेली. मावशींनी चार घास खाल्ले. राहिलं होतं फक्त शिंग. वडिलांचं होतं ते गावच्या सिनॅगॉगला देऊन आले होते. मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं.

रविवारी केलीव्हिलला एका घरी आमची उपासना होती. माझा संदेश झकास झाला, खोटं कशाला बोलू. शेवटचा कर्णा वाजेल, प्रभू मेघांवर येईल, झोपलेले जागे होतील, म्हणून हा सण म्हणजे आपल्यासाठी जागं होण्याची हाक. असं मी चढत्या आवाजात सांगितलं. दोघीतिघींनी डोळे पुसले. शेवटी काकांनी उभं राहून शिंग फुंकलं आणि सगळे 'आमेन' म्हणाले. तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर खिडकीपाशी बसलेल्या मावशी आल्या आणि संदेशाचं कौतुक मला गोड लागेना. एवढं मोठं आकाशातल्या कर्ण्याचं सांगून आले आणि माझ्या रस्त्यावर एक म्हातारी एका साध्या शिंगासाठी झुरतेय.

जेवणाच्या रांगेत मी काकांना गाठलं. काका निवृत्त, मुलाकडे पुण्याहून कायमचे आलेले, आणि त्यांचा त्या शिंगावर फार जीव. रोज खोबरेल लावून पुसतात. मी मागितल्यावर त्यांनी ते छातीशीच धरलं.

"मी स्वतः येतो की. वाजवतो, आणि दोन शब्द बोलतो. त्यांनाही कळायला नको का, ह्याचा खरा अर्थ काय ते?"

"काका, त्या बाई ऐंशीच्या पुढे आहेत, हाड मोडलंय आणि त्यांचा सण आहे. शिंग द्या, दोन शब्द राहू द्या."

"अगं, पण संधी—"

"संधी एका म्हातारीला आनंद द्यायची आहे. तेवढीच घ्यायची."

मला वाटलं, काका आता दुखावले. पण त्यांनी शिंग मखमली पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड दोनदा आवळलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ओठ कोपऱ्यात धरायला सांग. मधोमध फुंकलं तर नुसती हवा जाते." मला त्यांची एकदम माया आली.

गाडीत बसून पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. शिंगावर हे मोठं स्टिकर: 'येशू पुन्हा येत आहे'. इतकी वर्षं दुरून बघत आले, कधी वाचलंच नव्हतं. तसं नेणं शक्यच नव्हतं, आणि ते खरवडून काढताना मलाही कसंसंच होत होतं. नवरा म्हणाला, "प्रभू समजून घेईल, काका समजून घेतील का ते बघ." मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "काढ. माझ्याकडे अजून आहेत." गरम पाणी, नख आणि बराच धीर खर्चून ते निघालं, डिंकाचा डाग मात्र राहिला.

सोमवारी मी रजा टाकली. संध्याकाळी सण लागणार होता. सकाळी मावशींच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढवलं. चिक, नारळाचं दूध, साखर. मावशी शेजारी खुर्चीत, हातात शिंग. लेक नाइट शिफ्ट करून आलेली, सोफ्यावर आडवी झाली होती, पण झोपली नव्हती. मावशींनी शिंगावरून बोट फिरवलं.

"हे चिकट काय आहे गो?"

मी खरं ते सांगून टाकलं. मला वाटलं, आता शिंग बाजूला ठेवतील. मावशींचे खांदे हलायला लागले. हसत होत्या.

"येऊ दे की. आमच्यातलाच पोरगा तो. आला तर हलवा देऊ."

मी ढवळता ढवळता इतकी हसले की पातेल्याला तळाशी लागायला आलं. मावशी लगेच हेडमास्तरीण. "ढवळ, ढवळ. हसणं नंतर."

मग त्यांनी शिंग ओठाला लावलं. फुस्स. पुन्हा लावलं, पुन्हा फुस्स. कुकरची रिंग सैल झाल्यावर येतो तसला आवाज. कवळी काढून बघितली, घालून बघितली. काकांनी सांगितल्याप्रमाणे कोपऱ्यात धरून बघितलं. गाल दुखले, दम लागला. मला राहवेना. गॅस बारीक करून मी म्हटलं, बघू, आणि फुंकलं. काय आवाज निघाला म्हणता. परसातले मॅगपाय पक्षी उडाले, शेजारचा कुत्रा रडायला लागला आणि कुंपणापलीकडून शेजाऱ्यानं ओरडून विचारलं, "ऑल गुड, मेट?" मी खूश. मावशींकडे वळले तर त्यांचं तोंड एवढंसं झालेलं. माझ्या फुंकण्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता, हे मी आवाजाच्या नादात विसरलेच होते. मुकाट्यानं शिंग त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पातेल्याकडे परतले.

हलवा घट्ट होत आला, कडेनं सुटायला लागला. मी विचारलं, "मावशी, नाहीच वाजलं उद्या तर?"

"तर नाही. पण बसायचं ऐकायला. नेम ऐकण्याचा आहे, वाजवण्याचा नाही. वाजवणारासुद्धा ऐकतो तेव्हाच त्याचं फिटतं. हिचे बाबा म्हणायचे," त्यांनी सोफ्याकडे बघितलं, "माणसाचं वर्षभर बोलणंच चाललेलं असतं, देवापुढेसुद्धा. एक दिवस त्याचं ऐकावं. म्हणून शिंगात शब्द नाहीत."

लेकीनं कूस बदलली. मी ताटाला तेलाचा हात फिरवून हलवा ओतला आणि पहिल्यांदाच मला ह्या विषयावर काही बोलावंसं वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी मावशी पांढऱ्या साडीत तयार होऊन बसल्या होत्या. टेबलावर डाळिंब, खजूर, मध, लाल भोपळा आणि आमच्या वड्या. बाहेर वॅटलची फुलं नुसती पिवळीजर्द. लेकीनं शिफ्ट बदलून घेतली होती, 'आईला वॉकरवरून उठवायला कुणीतरी हवं' म्हणून. ती दाराला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून.

मावशींनी डोळे मिटून काहीतरी हिब्रूत म्हटलं. शिंग उचललं. पहिल्यांदा नुसती हवा. दुसऱ्यांदाही. मी साडीचा पदर मुठीत घट्ट धरला होता. माझ्या ओठांना ते शिंग चांगलं येत होतं आणि मला इथे बसून राहण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. देवा, आवाज येऊ दे, एवढंच मनात म्हणत होते. तिसऱ्यांदा एक सूर निघाला. बारीक, मध्येच फाटलेला, पण सूर. मावशींचा चेहरा उजळला. माझे डोळे भरून आले. पण एवढ्यानं होत नाही. एक लांब सूर, मग तुटक, मग आणखी तुटक, मग पुन्हा लांब, असं सगळं ठरल्याप्रमाणे व्हायला लागतं. त्यांनी परत फुंकलं, खोकला आला. शिंग ओठापर्यंत जाईना. त्यांनी ते खाली ठेवलं आणि मान हलवली.

"नाही होत गो."

मी काही बोलणार इतक्यात लेक दारातून पुढे आली. आईच्या मांडीवरून शिंग घेतलं. कुठे धरायचं, ओठांचा कुठला कोपरा, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. लहानपणी दर वर्षी सणाआधी वडील घरात सराव करायचे तेव्हा ती समोर बसलेली असायची. तिनं छाती भरून श्वास घेतला.

पहिला सूर लांब आणि सरळ आला. मग तुटक तीन. मग हुंदक्यासारखे छोटे छोटे, ते वाजवताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. मावशी तळवे वर करून, डोळे मिटून, खुर्चीत अगदी ताठ बसल्या होत्या. मीही मिटले. रविवारी मी तासभर सांगत होते की एक दिवस कर्णा वाजेल आणि सारे जण जागे होतील. ऐकू येण्यासाठी आधी आपण गप्प व्हायचं असतं, एवढंच माझ्या संदेशात नव्हतं. आम्ही ख्रिस्ती माणसं देवाकडे मागतो, त्याचे आभार मानतो, त्याला गाऊन दाखवतो. फार गोड गातो आम्ही. त्या खोलीत मी काही मागितलं नाही, काही म्हटलं नाही, नुसती बसले. येणाऱ्याची चाहूल लागायला तेवढं पुरतं, असं मला वाटलं आणि आनंदानं अंगावर काटा आला.

शेवटचा सूर तिनं दम संपेपर्यंत लांबवला. तो थांबला तरी आम्ही तिघी तशाच होतो. शेजारचा कुत्रासुद्धा गप्प होता.

मावशींनी डोळे न उघडताच म्हटलं, "ऐकलं."

लेक त्यांच्या पायाशी खाली बसली, शिंग दोन्ही हातांत धरून.

"मीपण, आई," ती म्हणाली.